खोडदची शांतता आणि मोजमापाचे अर्थकारण

पुणे आणि नाशिक या दोन शहरांना सरळ जोडणारा लोहमार्ग ही उत्तर पुणे जिल्ह्याची फार जुनी मागणी आहे. सुमारे 235 किलोमीटरच्या निमजलद मार्गाची आखणी झाली, काही गावांत भूसंपादनालाही प्रारंभ झाला आणि चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर या पट्ट्यातील शेतकरी व व्यापारी नव्या स्थानकांचा हिशेब मनाशी मांडू लागले. अशा वेळी, 2025 मध्ये, केंद्रीय रेल्वे मंत्रालयाने स्पष्ट केले की, ही आखणी नारायणगावजवळील खोडद येथल्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणील. सबब ती सोडून गाडी अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूने न्यावी लागेल. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या तालुक्यांत त्यावर जो संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे पिकवणाऱ्या या टापूला पुण्याची बाजारपेठ नकाशावर जवळ असली तरी रस्त्यावरच्या कोंडीमुळे दूर पडते. दूरच्या ताऱ्यांचे आवाज कोणाला तरी ऐकायचे आहेत म्हणून आमची गाडी का जावी, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

या सवालाला नीट उत्तर कोणी दिले नाही. एका बाजूने जागतिक कीर्तीचा प्रकल्प म्हणून दुर्बिणीचा गौरव झाला. दुसऱ्या बाजूने लोकप्रतिनिधींनी मूळ आखणीचाच आग्रह धरला. गौरवाने शेतकऱ्याचे समाधान होत नाही आणि आग्रहाने भौतिकशास्त्राचे नियम बदलत नाहीत. वस्तुतः हा वाद विज्ञान विरुद्ध विकास असा नाहीच. मोजमाप ही एक सार्वजनिक संपत्ती आहे काय, असल्यास तिची किंमत कोणी मोजायची, असा तो शुद्ध अर्थशास्त्रीय प्रश्न आहे. त्याचा विचार करायचा तर खोडदला नेमके काय चालते, हे आधी पाहिले पाहिजे.

दुर्बीण हा शब्दच येथे थोडा फसवा आहे. डोळा लावून पाहण्याजोगे तेथे काही नाही. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, म्हणजे अँटेना, तेथे उभ्या आहेत. त्यांपैकी 14 सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मध्यवर्ती आवारात असून उरलेल्या 16 इंग्रजी 'वाय' या अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, संक्षेपाने जीएमआरटी, हे तिचे नाव. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे तिचा कारभार आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी 1984 च्या सुमारास तिची कल्पना मांडली, नव्वदच्या दशकात ती उभी राहिली आणि 2002 पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

स्वरूप यांची पूर्वपीठिका ध्यानात घेण्याजोगी आहे. 1965 मध्ये त्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या छोट्या तबकड्या मांडून सूर्याचे रेडिओ निरीक्षण सुरू केले. पुढे 1970 मध्ये उटीजवळ 530 मीटर लांबीची दुर्बीण डोंगराच्या अशा उतारावर उभारली की, त्या स्थळाच्या अक्षांशाचा लाभ घेऊन एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशाचा माग ठेवता यावा. खोडदच्या तबकड्यांतही तीच काटकसरीची बुद्धी दिसते. भरीव धातूच्या पत्र्याऐवजी पोलादाच्या बारीक तारेची जाळी ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बसवली. त्यामुळे वजन घटले, वाऱ्याचा जोर जाळीतून निघून गेला आणि खर्च आवाक्यात आला. परदेशी यंत्राची नक्कल करण्याऐवजी देशाच्या खिशाला परवडेल असा मूळ विचार करणे, यालाच स्वावलंबन म्हणतात. आयात बंद करणे म्हणजे स्वावलंबन, हा एका पिढीचा समज होता आणि तो पुरता गेला आहे असे म्हणवत नाही.

परंतु तबकड्या हा या यंत्राचा केवळ दर्शनी भाग झाला. प्रत्येक तबकडी आकाशातून येणाऱ्या लहरींचे दोन ध्रुवणांतले दोन संकेत गोळा करते; म्हणजे एकूण 60 संकेत प्रकाशतंतूंच्या तारांमधून मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे प्रत्येक तबकडीच्या संकेताची दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी तुलना करावी लागते. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. दोन तबकड्यांपर्यंत तीच लहर पोहोचण्यात किती सूक्ष्म कालावधीचा फरक पडला, हे या 435 जोड्यांतून क्षणोक्षणी मोजले की, त्यातून गणिताने आकाशाचे चित्र तयार होते. 25 किलोमीटर व्यासाची एक अखंड तबकडी बांधणे कोणालाही शक्य नाही. पण तिच्यातून दिसला असता तेवढा बारकावा या गणिताने हाती येतो. म्हणून सर्व तबकड्यांचे घड्याळ एक असावे लागते, तारांची लांबी काटेकोर ठाऊक असावी लागते आणि संगणकांचे जाळे अखंड चालू राहावे लागते. हे जाळे तुटले तर उरतात त्या 30 सुट्या लोखंडी वस्तू.

येथेच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे काही आहे. तबकड्या नव्वदच्या दशकातील आहेत आणि त्या बदललेल्या नाहीत. असे असूनही आजची दुर्बीण 2002 च्या दुर्बिणीहून कितीतरी समर्थ आहे. आरंभी एका वेळी 32 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मोजता येई. त्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला 6 कोटी 40 लाख नमुने घ्यावे लागत. तुलनेचे काम तेव्हा खास त्यासाठीच घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांवर होत असे. 2010 च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह जोडून त्यांच्यावर सोपवण्यात आले. म्हणजे जे यंत्र पूर्वी तारांनी जोडले जाई ते आता आज्ञावलीने लिहिले जाऊ लागले. त्यानंतरच्या नूतनीकरणात हा पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. आता प्रत्येक संकेताचे सेकंदाला 80 कोटी आणि 60 संकेतांचे मिळून 4,800 कोटी नमुने त्याच क्षणी पचवावे लागतात. चलच्चित्रांचे खेळ खेळण्यासाठी विकसित झालेल्या प्रक्रियक चिपा आणि परदेशातील विद्यापीठे व वेधशाळा यांनी एकत्र येऊन खुल्या ठेवलेल्या आराखड्यांची मंडले, असा तो संसार आहे. वेगवान संगणक-जाळ्याने ही सारी जोडली आहेत.

लोखंड तेच राहिले, मापनक्षमता मात्र अनेक पटींनी वाढली. ही वाढ ग्राहकयंत्रे, मंडले आणि आज्ञावल्या घडवणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यातून आली. भांडवली वस्तूचा घसारा दरसाल धरावा, असे हिशेबाची पुस्तके सांगतात. वैज्ञानिक उपकरणाच्या बाबतीत मात्र घसारा धरायचा की वृद्धी, हे ते उपकरण ज्यांनी बांधले ती माणसे जवळ आहेत की नाहीत यावर ठरते. विकत आणलेले यंत्र पहिल्या दिवसापासून जुने होऊ लागते.

या मापनाची सूक्ष्मता केवढी, याचा एक प्रसंग सांगता येईल. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा क्षीण संकेत खोडदच्या तबकड्यांनी प्रत्यक्ष उतरतेवेळी टिपला आणि अपेक्षित क्षणापूर्वीच तो नाहीसा झाल्याचेही टिपले. यान कोसळले होते. पुढील वर्षी आलेल्या चौकशी अहवालानुसार, यानाचे गिरकणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेला अडकून राहिले. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने यान जमिनीखाली पोहोचल्याचे गणित केले, हवाई छत्री सोडून दिली आणि वेग रोखणारी इंजिने तीनच सेकंदांत बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून 3.7 किलोमीटर उंच होते. मोजमाप ही प्रयोगवहीच्या कोपऱ्यात लिहायची बाब आहे, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा कडक धडा मिळणार नाही.

इतकी क्षीण लहर ऐकायची तर आसपास शांतता हवी, हे ओघानेच आले. साधा भ्रमणध्वनी चंद्रावर ठेवून चालू केला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. विजेच्या गाडीवरील संपर्कदांडा आणि वरची तार यांच्यामध्ये उडणारी ठिणगी ही तर एकाच वेळी असंख्य कंपनसंख्यांवर बोलणारी प्रक्षेपिका असते. खुद्द खोडदलाही स्वतःच्या संगणकांचा आवाज धातूने मढवलेल्या खोलीत कोंडून ठेवावा लागतो. ऐकणाऱ्याला आधी स्वतःचे तोंड मिटावे लागते. सह्याद्रीच्या डोंगरांचा आडोसा आणि मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाचा अभाव, ही या जागेच्या निवडीमागील कारणे होती. भांडवल घालून तबकड्या आणखी बांधता येतील. ही शांतता मात्र कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही आणि एकदा गेली की परत येत नाही. या अर्थाने रेल्वे मंत्रालयाचा निर्णय योग्यच होता.

निर्णय योग्य असला तरी तो घेण्याची रीत योग्य होती असे म्हणता येत नाही. दुर्बीण तेथे या शतकाच्या आरंभापासून काम करीत आहे, हे आखणी करणाऱ्यांना ठाऊक नसण्याचे कारण नव्हते. मोजणीच्या खुणा रोवल्या गेल्या, लोकांच्या आशा वाढल्या आणि मग अडचण पुढे आली. अमेरिकेने 1958 मध्येच ग्रीन बँक वेधशाळेभोवती सुमारे 34,000 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय रेडिओ-शांतता क्षेत्र आखून दिले. दक्षिण आफ्रिकेने 2007 मध्ये खगोलशास्त्रीय क्षेत्रांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. त्यानंतर कारू या वैराण प्रदेशात मोठी दुर्बीण आली. या दोन्ही ठिकाणी विरळ वस्ती होती, हे खरे. जुन्नर तालुका वैराण नाही. तेथे दर एकरावर कोणाचा तरी संसार उभा आहे. म्हणूनच तेथे शांततेची मर्यादा, तिची कारणे आणि तिचा मोबदला या तिन्ही गोष्टी आधीच कागदावर असायला हव्या होत्या.

मोबदल्याचा मुद्दा कोणी काढीत नाही, याचे आश्चर्य वाटते. धरणासाठी गाव उठले तर भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व निदान तत्त्व म्हणून तरी मान्य झाले आहे. येथे गाव उठलेले नाही. परंतु लोहमार्ग, विशिष्ट उद्योग, हवे तितके दूरसंचार मनोरे, अशा कित्येक संधी त्याला सर्वांच्या हितासाठी सोडाव्या लागतात. लाभ साऱ्या देशाचा आणि झीज तीन तालुक्यांची, अशी ही वाटणी आहे. खोडदच्या शांततेचे खरे मालक तिच्या परिसरातील गावे आहेत. ती शांतता राष्ट्र वापरते, तर राष्ट्राने तिचे भाडे दिले पाहिजे. हे भाडे रोख रकमेत असण्याची गरज नाही. नाशिक महामार्गावरील कोंडी फोडणे, नारायणगावच्या बाजारात शीतगृहांची सोय करणे, जुन्नर-आंबेगावच्या तंत्रनिकेतनांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक मापनाचे उत्तम शिक्षण उभे करणे, अशी त्याची अनेक रूपे असू शकतात. दरसाल फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनानिमित्त दुर्बिणीचे आवार खुले होते, शाळांची मुले झुंडीने येतात, प्रदर्शन पाहतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण वर्षातल्या एका जत्रेवर शेजारधर्म भागत नाही.

शिक्षणाचा उल्लेख निघाला तो केवळ सौजन्यापोटी नव्हे. या देशात उपकरणे बांधण्याची परंपरा होती आणि ती मुंबईतच रुजली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा पूर्णाकार संगणक 1960 मध्ये चालू झाला तो तेथील तरुणांनी स्वतः जोडलेला होता. 1962 च्या युद्धानंतर डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1966 मध्ये आला तेव्हा भाभा हयात नव्हते. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात अणुभट्ट्यांसाठी मापनयंत्रे बनवणारा जो विभाग होता, त्यातूनच 1967 मध्ये हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन जन्मले. संगणक-जाळ्याचीही कहाणी अशीच आहे. 1986 मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी त्यात होत्या. सामान्य नागरिकाला इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 पासून मिळू लागले. संशोधकांनी त्यापूर्वी कित्येक वर्षे अत्यंत मंद तारांवर ते चालवून दाखवले होते. त्या प्रयोगातून तयार झालेली माणसे पुढे देशाच्या कामी आली.

आजचे चित्र संमिश्र आहे. 2010 मध्ये 5,990 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान-जाळ्याला मंजुरी मिळाली आणि मोठ्या संशोधन संस्था वेगवान तारांनी जोडल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महादुर्बिणीतील सहभागासाठी केंद्राने 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्या नियंत्रणप्रणालीच्या रचनेचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राने केले. हे सारे अभिमानास्पद आहे. पण देशाचा संशोधनावरील एकूण खर्च 2020-21 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा 0.64 टक्के होता. त्यातच सार्वजनिक संशोधन संस्थांना उपकरणांवर वस्तू व सेवा करात मिळणारी 5 टक्क्यांची सवलत जुलै 2022 मध्ये काढून घेण्यात आली. सरकारने एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच अनुदानातून कर परत घ्यायचा, हा व्यवहार कोणत्याही पाठ्यपुस्तकात समर्थनीय ठरणार नाही. सरकारी खरेदीच्या सामायिक नियमांत खुर्ची आणि स्पंदनदर्शक यांत फारसा फरक केला जात नसे. 2025 च्या जूनमध्ये संशोधन संस्थांना त्यातून काही मोकळीक मिळाली, ही समाधानाची गोष्ट.

महाविद्यालयांपर्यंत मात्र यातले काहीच झिरपत नाही. तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत महागडी यंत्रे मूल्यांकन समितीच्या भेटीपुरती कपाटातून निघतात आणि बिघडतील या धास्तीने पुन्हा कुलूपबंद होतात. विद्यार्थी आकडे वरच्या वर्गाच्या वहीतून उतरवतो. यावर उपाय नाही असे नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात कणत्वरकासाठी मापनयंत्रे बांधणाऱ्या शास्त्रज्ञांनी फिनिक्स आणि नंतर एक्सपआईज नावाची छोटी साधने तयार केली. तळहातावर मावणारी ही पेटी साध्या संगणकाला जोडली की, विद्युतदाब, काल आणि कंपनसंख्या मोजता येतात. आराखडा खुला, आज्ञावली मोफत. लंबकाचा आवर्तनकाल एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत विद्यार्थ्याने स्वतः मोजला की, मोजमापातील चूक म्हणजे काय हे त्याला प्रथमच उमगते. हे साधन प्रत्येक महाविद्यालयात का नाही, याचे उत्तर पैशात शोधण्यात अर्थ नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

हे सर्व मराठवाड्याच्या संदर्भात आता अधिक तातडीचे झाले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातील चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतराचा फरक तेथे मोजायचा आहे. खोडदला रेडिओ गोंगाट नको. औंढ्याला जमिनीचे कंपन नको. अवजड मालमोटारी, दगडखाणींचे सुरुंग, लोहमार्ग, मोठी कारखानदारी, यांची मर्यादा तेथेही येणारच आहे आणि हिंगोली हा राज्यातील मागास जिल्ह्यांपैकी एक आहे. ती मर्यादा किती किलोमीटरची, कोणत्या कामांना लागू आणि कोणत्या मोबदल्यावर, हे औंढ्याच्या ग्रामसभांसमोर बांधकामापूर्वी मांडले गेले, तर वीस वर्षांनी तेथे रुळांच्या खुणा रोवून पुन्हा उपटाव्या लागणार नाहीत. जुन्नरचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. वळवलेल्या मार्गाच्या आराखड्यात नारायणगाव आणि मंचरच्या मालाला नव्या स्थानकांपर्यंत नेणारी सोय दाखवलेली आहे की नाही, हे विधिमंडळात या भागाच्या प्रतिनिधींनी पहिल्याप्रथम विचारायला हवे.